सल्ला: जे ट्रेनिंग झालंच नाही, त्याच्या कागदावर सही करू का?

पत्र लांब होतं म्हणून आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. पत्र लिहिणारी मुलगी सव्वीस वर्षांची, बी.कॉम. झालेली, राहायला दांडिया बाजारात, नोकरी बडोद्यातच एका लेबर कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसात. कॉन्ट्रॅक्टरची माणसं छोटा उदेपूरच्या पुढे डोलोमाइटच्या खाणीवर कामाला जातात आणि हिच्याकडे हजेरी, पगारपत्रक, पीएफ वगैरे असतं. मागच्या महिन्यात शेठने टेबलावर ३४ आधारच्या झेरॉक्स आणि ३४ फोटो ठेवले आणि म्हणाला ह्या सगळ्यांचं सेफ्टी ट्रेनिंग झालंय असे कागद बनव, मागच्या तारखा टाक, खाली ट्रेनिंग कोऑर्डिनेटर म्हणून तूच सही कर, तपासणी येणार आहे. ट्रेनिंग काही झालेलं नाही. ती एकदाच साइटवर गेली होती अंगठे घ्यायला, तेव्हा एका माणसाने अंगठा उमटवल्यावर तिला विचारलं, "बेन, आ शेनो कागळ छे?", म्हणजे ताई, हा कशाचा कागद आहे, आणि हिला उत्तर देता आलं नाही. वडिलांना मागच्या वर्षी स्टेंट बसलाय, घर हिच्या पगारावर चालतं, आई म्हणते सगळीकडे असंच चालतं गं, तू एकटी काय सुधारणार. ती विचारते, काका, सही करू का, नाही केली तर नोकरी जाईल का, आणि नाही म्हणायचं तर कसं म्हणू.

बेटा, सही करू नकोस.

हे मी पहिल्या ओळीत सांगून टाकलं कारण पुढे मी बरंच बोलणार आहे आणि त्यात हे हरवायला नको. आता का ते सांगतो, आणि कायद्यापासून नाही सुरू करत, माझ्यापासूनच करतो, कारण मी अशी सही केलेली आहे.

१९९३ सालची गोष्ट. मी तेव्हा एका दगडाच्या खाणीत फोरमन होतो आणि ट्रेनिंगचं रजिस्टरही माझ्याकडेच होतं. खाण कोणती ते सोड. उन्हाळा होता, माल जोरात चालला होता, माणसं दोन दिवस बसवून ठेवणं मॅनेजरला परवडत नव्हतं, तर एका दुपारी ऑफिसात बसून मी चौदा जणांचं रिफ्रेशर, म्हणजे उजळणीचं, ट्रेनिंग "पूर्ण" केलं. मला आजही आठवतं मी तीन वेगवेगळी पेनं घेतली होती, एक निळं, एक काळं आणि एक निळंच पण जाड टोकाचं, म्हणजे वेगवेगळ्या दिवशी लिहिल्यासारखं दिसावं. चहा आला, तो प्यायलो, रजिस्टर कपाटात ठेवलं. मनाला काही लागलं वगैरे नाही. तुझी आई म्हणते ना तसंच मला वाटत होतं, सगळीकडे असंच चालतं.

चार महिन्यांनी त्या चौदातल्या एका ड्रिलरने सकाळी जॅकहॅमर, म्हणजे दगडात भोक पाडायचं मशीन, लावला. आता तू ऑफिसात असतेस म्हणून नीट समजावून सांगतो. आदल्या दिवशी सुरुंग उडवला की दगड फुटतो पण भोकाचा तळ कधीकधी शिल्लक राहतो, वीतभर, हातभर, त्याला सॉकेट म्हणतात. त्या तळाशी न उडालेली दारू राहिलेली असू शकते आणि वरून माती, चुरा पडलेला असतो त्यामुळे ती दिसत नाही. नवीन भोक सुरू करायचं असतं ना तेव्हा रॉडचं टोक कडक दगडावर घसरतं, इकडे जातं तिकडे जातं, ड्रिलरला पायाने रॉड दाबून धरावा लागतो, घाम निघतो. आणि तिथेच बाजूला तयार भोक दिसतंय. रॉड त्यात आपोआप बसतो. हात आपोआप तिकडे जातो. कोणीही समंजस माणूस, ज्याला सांगितलेलं नाही, तो रॉड त्याच भोकात घालेल. त्याने घातला.

एक डोळा गेला, उजव्या हाताची तीन बोटं गेली. जीव वाचला.

ट्रेनिंगमध्ये हे सांगायला किती वेळ लागतो? दहा मिनिटं. जुन्या भोकात रॉड घालायचा नाही, सॉकेट दिसला की मेटला, म्हणजे खाणीतल्या मुकादमाला, बोलवायचं, तो साफ करून बघणार आणि खूण करणार. आणि अजिबात न उडालेलं भोक असेल, म्हणजे मिसफायर, तर ते खोदून काढायला जायचं नाही, त्यापासून निदान ३० सेंटिमीटर लांब आणि त्याला समांतर दुसरं भोक मारून ते उडवायचं, तेही ब्लास्टर, म्हणजे सुरुंग उडवणारा माणूस, समोर उभा असताना. बस. एवढंच त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं.

पण मी तुला हे सांगतोय ते एवढ्यासाठीच नाही. खरी गोष्ट पुढची आहे आणि ती तुझ्या त्या ३४ कागदांची गोष्ट आहे. चौकशी झाली. त्याने सांगितलं मला हे कोणी शिकवलं नव्हतं. समोरच्या माणसाने माझं रजिस्टर काढलं, पान उलटलं आणि त्याच्यापुढे ठेवलं, हा अंगठा तुझाच ना? त्याचाच होता. मग भरपाईच्या केसमध्ये मालकाच्या वकिलाने तेच पान वापरलं. तेव्हा भरपाईचा १९२३चा कायदा होता, त्याच्या कलम ३ मध्ये असं होतं की कामगाराने सुरक्षेसाठी स्पष्ट सांगितलेला नियम जाणूनबुजून मोडला आणि त्यामुळे अपघात झाला तर मालक जबाबदारी नाकारू शकतो. मृत्यू झाला किंवा माणूस कायमचा पूर्ण अपंग झाला तर ही पळवाट चालत नाही, पण एक डोळा आणि तीन बोटं म्हणजे कायद्याच्या भाषेत "अंशतः". त्यामुळे वकील म्हणाला, नियम शिकवला होता, हा बघा पुरावा, तरी ह्याने मोडला. चार वर्षं ती केस चालली. शेवटी पैसे मिळाले पण त्या चार वर्षांत त्याची जमीन गहाण पडली.

मी त्या चौकशीत गप्प बसलो होतो. माझी सही आहे, ट्रेनिंग झालं का असं विचारलं, मी मान हलवली. तोंडाने हो सुद्धा म्हणालो नाही, फक्त मान हलवली. नंतर कितीतरी वर्षांनी त्याला भेटायला गेलो तेव्हा त्याने शिव्या नाही दिल्या, एवढंच म्हणाला, साहेब एकदा सांगितलं असतं ना तर मी कशाला घातला असता रॉड.

म्हणून सांगतो. तुला वाटतंय तो कागद फाइलीत पडून राहील, तपासणीवाले बघतील, टिक करतील, संपलं. तसं नसतं. तो कागद अपघाताच्या दिवशी जागा होतो आणि ज्याच्या नावाने बनवलाय त्याच्याच विरुद्ध साक्ष देतो. ट्रेनिंग नाही आणि कागदही नाही, अशा माणसाला निदान म्हणता येतं की मला शिकवलंच नव्हतं, दोष मालकाचा. ट्रेनिंग नाही पण कागद आहे अशा माणसाकडून तू तेही काढून घेतेस. त्याला शिकवलं नाही ते नाहीच, वर त्याचं म्हणणंही बंद केलं.

आता कायदा, पटकन. खाणीत कामाला लावण्याआधी ट्रेनिंग द्यायलाच लागतं, १९६६चे माइन्स व्होकेशनल ट्रेनिंग रूल्स म्हणून आहेत, आणि मग दर पाच वर्षांच्या आत रिफ्रेशर. कॉन्ट्रॅक्टरचा माणूस आहे म्हणून सूट नाही, खाणीत पाय ठेवला की तो खाणीचा कामगार. १८च्या खालचा मुलगा कामाला लावायचा नाही (आधारवरच्या जन्मतारखा नीट बघ बरं का, त्या ३४ मध्ये, मला उगीच शंका येतेय). आणि खोटं रेकॉर्ड बनवणं हा १९५२च्या माइन्स ॲक्टात कलम ६४ खाली गुन्हा होता, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. नोव्हेंबर २०२५ मध्ये ते चार नवीन लेबर कोड लागू झाले आणि माइन्स ॲक्ट त्यातल्या सेफ्टीच्या कोडात गेला, पण खोटं रेकॉर्ड हा तिथेही गुन्हाच आहे, कोणी तुला सांगितलं की आता जुना कायदा गेला मग काय, तर ऐकू नकोस. आणि एक लक्षात घे, कागदावर सही शेठची नाहीये, तुझी आहे. "ट्रेनिंग कोऑर्डिनेटर" हे पद तुला पगारवाढ देताना दिलं होतं का गं? की फक्त सहीपुरतं दिलंय?

बरं, नाही कसं म्हणायचं. इथे तुझी खरी अडचण आहे आणि मी ती हलकी समजत नाही. वडिलांचं औषध दर महिन्याला येतं, शेठचा राग काही दर महिन्याला परवडत नाही. म्हणून मी तुला शेठसमोर उभं राहून भाषण कर असं सांगत नाही. नुसतं "मी सही करणार नाही" असं म्हणू नकोस, "मी ट्रेनिंग करवून घेते, मग सही करते" असं म्हण. ह्यात फार फरक आहे. पहिल्यात तू अडवणारी, दुसऱ्यात काम करणारी. शेठला पण एक भीती आहे ना तपासणीची, म्हणूनच तो कागद मागतोय, तर त्याला सांग की साहेब, तपासणीवाला फाइल बघून थांबत नाही, तो साइटवर जाऊन एखाद्या माणसाला विचारतो, सायरन वाजला की तू कुठे जातोस, सॉकेट म्हणजे काय. आणि तो माणूस नुसता बघत बसला की फाइलीतली ३४ पानं एकदम खोटी पडतात, मग ट्रेनिंग न दिल्याचा एक गुन्हा होता त्याच्या जागी दोन झाले. हे खरंच असंच होतं, मी बघितलंय. इन्स्पेक्टर हुशार असेल तर तो आधी माणसांशी बोलतो आणि फाइल शेवटी मागतो.

आणि हे बोलणं झालं की त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर किंवा मेलवर साध्या भाषेत दोन ओळी टाक. "साहेब, आज बोलल्याप्रमाणे ३४ जणांचं ट्रेनिंग अजून बाकी आहे, ते कधी करायचं ते कळवा म्हणजे मी माणसांना सांगते." भांडण नाही, धमकी नाही, पण तारीख पडली. उद्या कोणी म्हटलं हिनेच बनवले कागद, तर तुझ्याकडे काहीतरी असेल.

दुसरी गोष्ट, खाणीच्या मॅनेजरशी बोल. कॉन्ट्रॅक्टर नाही, खाणीचा मॅनेजर. त्याच्याकडे सर्टिफिकेट असतं आणि खाणीत काही झालं तर कायद्याने आधी त्याचं आणि मालकाचं नाव येतं, तुझा शेठ नंतर. बरेचदा मॅनेजरला माहीतच नसतं की कॉन्ट्रॅक्टरने कागद कसे बनवलेत, किंवा माहीत असतं पण कोणी तोंडावर विचारलेलं नसतं. लहान खाणवाले मिळून एक ग्रुप ट्रेनिंग सेंटर चालवतात, ग्रुप व्हीटीसी म्हणतात त्याला, तसं जवळपास आहे का, ३४ माणसं तीन-चार बॅचमध्ये पाठवता येतील का, हे त्याला विचार. एकदम ३४ उचलले तर काम बंद पडेल म्हणून शेठ ओरडेल, आठ-आठ, नऊ-नऊ नेले तर ओरडणार नाही. आणि ट्रेनिंगच्या दिवसांची मजुरी कापायची नसते, हे तू पगारपत्रक करतेस म्हणून तुलाच सांगतो, नाहीतर माणसं दुसऱ्या दिवशी येणारच नाहीत आणि मग सगळे म्हणतील बघा ह्यांनाच शिकायचं नाही.

आता ट्रेनिंग खरंच ठरलं तर ते कसं व्हावं ह्यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण मी त्यानंतर बावीस वर्षं हेच केलं आणि सुरुवातीची पाच वर्षं चुकीचं केलं.

चूक भाषेची होती. तुझ्या त्या ३४ मध्ये बहुतेक राठवा आदिवासी असतील. घरात राठवी बोलतात, बाजारात गुजराती, आणि सेफ्टीचं पुस्तक एकतर इंग्रजीत नाहीतर असल्या हिंदीत की मला स्वतःला दोनदा वाचावं लागायचं. मी आपला उभा राहून वाचायचो, ते माना हलवायचे, मला वाटायचं कळलं. मग एका म्हाताऱ्या मेटने मला बाजूला घेऊन सांगितलं की साहेब ते हो म्हणतात कारण तुम्ही थांबावं म्हणून. त्यानंतर मी वाचणं सोडलं. त्यांच्यातलाच एक जुना ड्रिलर उभा करायचो, तो त्यांच्या भाषेत बोलायचा, मी फक्त चुकलं तर दुरुस्त करायचो. दोन तासांत जे व्हायचं नाही ते अर्ध्या तासात व्हायला लागलं. तुझ्याकडे असा माणूस नसेल तर तेजगढला आदिवासी अकादमी आहे, तिथे राठवी नीट बोलणारे, लिहिणारे लोक आहेत, विचारून बघ, विचारायला पैसे पडत नाहीत.

चित्रं वापर. ह्या लोकांच्या घरात भिंतीवर पिठोरा असतो, घोडे, सूर्य, विहीर, शेत सगळं एका भिंतीवर आणि कुठली आकृती म्हणजे काय हे लहान पोरालाही माहीत असतं. पिठोरा देव आहे, त्याची नक्कल करून सेफ्टीचं पोस्टर बनवू नकोस हं, ते बरं नाही, पण चित्र वाचणारी माणसं आहेत ही, हे लक्षात ठेव. मी खाणीचा फेस, म्हणजे जिथून दगड काढतात ती उभी कड, खडूने काढायचो, वर लटकलेला दगड, खाली माणूस, आणि विचारायचो हा कुठे उभा राहिला पाहिजे. कोणीतरी उठून माणूस पुसायचा आणि दुसरीकडे काढायचा. त्याने स्वतःच्या हाताने पुसला की त्याला ते कायमचं आठवतं.

काय शिकवायचं ह्याची लांब यादी पुस्तकात आहे, ती करावीच लागेल, पण उघड्या खाणीत माणसं मरतात ती दोन-चार गोष्टींनीच. फेस खालून पोखरला आणि वरचा भाग अंगावर आला. बेंच नीट नाही, म्हणजे पायरी उंच आणि रुंदी कमी (रुंदी उंचीपेक्षा कमी नको, एवढं साधं माप आहे). टिपर मागे घेताना मागे माणूस होता, आणि रिव्हर्सचा भोंगा वायर काढून बंद केलेला कारण ड्रायव्हरला त्याचा त्रास होतो. सुरुंगाच्या वेळी माणूस डेंजर झोनमध्ये राहिला, जेवायला सावलीत बसला होता आणि सायरन ऐकला नाही. आपल्याला चासनाला माहीत असतं, धनबादजवळची कोळशाची खाण, १९७५ सालचं, ३७५ माणसं एका दिवसात पाण्यात गेली, ते सगळ्या देशाने ऐकलं. आपल्या इकडच्या खाणीत माणूस एकेकटा जातो. एक आज, एक चार महिन्यांनी, छोटी बातमी आतल्या पानावर. म्हणून कोणी मोजत नाही.

आणि धूळ. ही मी मुद्दाम वेगळी ठेवली कारण ट्रेनिंगमध्ये हिला शेवटची पाच मिनिटं देतात. अंगावर दगड पडला तर रक्त दिसतं, धूळ दहा-पंधरा वर्षांनी दिसते आणि तेव्हा माणूस ती खाण सोडून गेलेला असतो. दगडात सिलिका असेल तर ड्रिलिंग आणि क्रशरची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि बाहेर येत नाही, सिलिकोसिस होतो आणि त्यावर औषध नाही, बरा होणारा आजार नाहीच तो. शुद्ध डोलोमाइटात सिलिका कमी असते हे खरं, पण मधे क्वार्ट्झच्या शिरा निघतात आणि ही माणसं आज डोलोमाइटला, उद्या ग्रॅनाइटला, परवा क्वार्ट्झ पावडरच्या कारखान्यात असतात. गोध्र्याकडचं तू ऐकलं असशील. झाबुआ, अलिराजपूर, धारची आदिवासी माणसं तिथल्या क्वार्ट्झच्या कारखान्यांत कामाला आली आणि घरी जाऊन मेली, तरणीताठी. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने २३८ जणांच्या घरच्यांना प्रत्येकी तीन लाख द्यायला गुजरात सरकारला सांगितलं. ते कारखाने होते, खाण नव्हती, पण धूळ तीच. आपल्या बडोद्यापासून किती लांब आहे गोध्रा सांग.

गमछा बांधला की धूळ जात नाही असं सगळ्यांना वाटतं. जी धूळ डोळ्याला दिसते ती गमछ्याला अडकते, जी मारते ती दिसतच नाही, ती गमछ्यातून सरळ आत जाते. मी एक करायचो, संध्याकाळी अंधार पडताना शेडमध्ये टॉर्च लावायचो आडवी, आणि म्हणायचो बघा. त्या उजेडाच्या पट्ट्यात हवा नुसती उकळत असायची. दहा मिनिटांपूर्वी सगळे म्हणत होते इथे धूळ नाही. खरा उपाय पाणी आहे, ड्रिलला पाणी, रस्त्याला पाणी, क्रशरच्या तोंडाशी फवारा. मास्क त्याच्यानंतर, आणि नीट एन-९५ सारखा, ज्याचा त्याला, एक मास्क तिघांत फिरवायचा नाही. मे महिन्यात मास्क घालून काम होत नाही हे मला माहीत आहे, गुदमरतं, म्हणून तर म्हणतो आधी पाणी मारा म्हणजे मास्कवर सगळा भार पडणार नाही.

ह्याच्याच जोडीला डॉक्टरी तपासणी. कामाला लागताना एकदा आणि मग दर पाच वर्षांच्या आत, छातीचा एक्स-रे, फुंकायची टेस्ट, कान. तुझ्या शेठने जर ट्रेनिंगचे कागद असे बनवायला सांगितलेत तर मेडिकलचे आधीच बनलेले असतील अशी मला भीती आहे, ते पण बघ. पहिला एक्स-रे फार महत्त्वाचा असतो, कारण पुढे काही निघालं तर तोच सांगतो की आला तेव्हा फुप्फुस साफ होतं. कामगाराला सांग की रिपोर्टची कॉपी माग आणि एक्स-रे खिडकीला धरून मोबाइलने फोटो काढून ठेव, मालकाची फाइल हरवते, माणसाचा मोबाइल सहसा हरवत नाही. आणि खोकला, दम लागणं, वजन उतरणं सुरू झालं की गावातला डॉक्टर टीबीचं औषध सुरू करतो, कधी खरंच टीबी असतो, सिलिकोसिसवाल्याला तो लवकर होतोही, पण डॉक्टरला हे सांगितलंच पाहिजे की मी दगडाचं काम करतो, इतकी वर्षं करतो. हे एक वाक्य जरी त्या ३४ जणांना पाठ झालं तरी ट्रेनिंगचे पैसे वसूल.

हे सगळं तू एकटीने करायचं असं मी म्हणत नाहीये. तू माणसं गोळा कर, तारीख ठरव, हजेरी खरी घे, बाकी शिकवायचं काम ट्रेनिंगवाल्यांचं आणि मॅनेजरचं.

आता समज शेठ म्हणाला की हे सगळं राहू दे, उद्यापर्यंत कागद हवेत नाहीतर तू ये मत. होऊ शकतं. तरीही सही करू नकोस. तो दुसऱ्या कोणाकडून करून घेईल, घेऊ दे, ते त्याचं. बडोद्यात पगारपत्रक आणि पीएफ येणाऱ्या मुलीला नोकरी मिळते, मकरपुऱ्यापासून वाघोडियापर्यंत इंडस्ट्री पसरलीय, महिना दोन महिने ओढाताण होईल. आजपासूनच बायोडाटा फिरवायला लाग, शेठला नाही म्हणायच्या आधीपासून, ह्यात काही कमीपणा नाही. घरात वडिलांना सांग. आईला नको वाटेल, पण वडिलांना सांग, आजारी माणसाला आपल्यामुळे मुलीने खोटी सही केली हे नंतर कळलं तर ते जास्त लागतं. आणि खरंच कागद बनले, ट्रेनिंग झालंच नाही, असं तुला दिसलं तर खाण सुरक्षा महानिदेशालय म्हणजे डीजीएमएसकडे कळवता येतं, मुख्य ऑफिस धनबादला आहे पण अहमदाबाद आणि सुरतलाही त्यांची ऑफिसं आहेत. नाव न लिहिता पण कळवता येतं. खाण कुठली, कॉन्ट्रॅक्टर कोण, किती माणसं, काय झालं नाही, एवढंच लिही, रागाचं काही लिहू नकोस. ऑफिसातल्या फाइलींचे फोटो काढून इकडे तिकडे पाठवत बसू नकोस, तुला त्यात अडकवतील. जे तुला स्वतःला करायला सांगितलं तेवढ्याचा मेसेज जपून ठेव.

आणि ते अंगठे जे तू आधीच घेऊन आलीस, ३४ अंगठे, ते कोऱ्या फॉर्मवर आहेत ना? पत्रात तू नीट लिहिलं नाहीस पण मला तसंच वाटतंय. ते फॉर्म शेठच्या हातात देऊ नकोस. ट्रेनिंग होईल तेव्हा नवीन फॉर्मवर नवीन अंगठे घेता येतील, हे रद्द करून टाक, प्रत्येकावर आडवी रेघ मार, "रद्द" लिही आणि शेठला सांग की तारखा नंतर टाकायच्या असतील तर फॉर्म पण नंतरचेच लागतील. आजच कर हे, उद्यावर नको.

तो माणूस ज्याने तुला विचारलं ना आ शेनो कागळ छे, त्याला शोध. पुढच्या वेळी हजेरीसाठी जाशील तेव्हा, सकाळची प्रतापनगरहून छोटा उदेपूरची गाडी पकडलीस तर दुपारच्या जेवणाच्या सुट्टीआधी पोचशील. त्याच्याजवळ बस आणि सांग की भाई, तुम्ही विचारलं होतं ते राहून गेलं, तो कागद असा होता की तुम्हाला ट्रेनिंग दिलं, आणि ते दिलेलं नाही म्हणून मी तो रद्द केला. मग त्याला सॉकेटचं सांग. मी वर लिहिलंय तेवढंच सांग, दहा मिनिटं लागतात. आणि मला परत लिही काय झालं ते, मी वाट बघतोय.